शेतकरी कंपनीत यशाचे श्रेय कसे वाटावे

तुरीच्या हंगामात गावातील शेतकरी उत्पादक कंपनीला चांगला नफा झाला, की सत्काराचा हार बहुधा अध्यक्षांच्या गळ्यात पडतो, आणि पुढील हंगामात चाळणीवरच्या बायांचे काम का मंदावले, याचे कोडे मात्र संचालकांना उलगडत नाही. श्रेयाची वाटणी यश आल्यावर ठरवू गेल्यास प्रत्येकाला आपलाच वाटा मोठा दिसतो. म्हणून ती पेरणीच्या सुमारास, वाटून घेण्यासारखे काही हातात नसतानाच, सभेत ठरवून इतिवृत्तात नोंदवावी.

त्यानंतर कामाची वही ठेवावी. शासकीय हमीभाव खरेदीत तुरीत १२ टक्क्यांपेक्षा अधिक ओलावा चालत नाही. तेव्हा माल केंद्रावरून परत आला नाही, याचे मोठे श्रेय पोत्या-पोत्यातून नमुना काढून ओलावा मोजणाऱ्याचे असते. त्याचे नाव त्याच दिवशी वहीत चढले नाही, तर वार्षिक सभेपर्यंत ते कोणाच्याही लक्षात राहत नाही. सभेत नाव आणि काम दोन्ही सांगावे. ‘हे सर्वांचे यश आहे’ हे वाक्य उदार वाटले, तरी माझ्या मते ते टाळावे, कारण त्यात राबणारा आणि केवळ सहीपुरता येणारा एकाच पंगतीत बसतात, आणि राबणाऱ्याला ते बरोबर कळते.

पैशाचा विचार वेगळा करावा. उत्पादक कंपनीच्या कायद्यानुसार सभासदाला मिळणारा बोनस त्याने कंपनीशी केलेल्या व्यवहाराच्या प्रमाणात असतो, त्यामुळे सभासद नसलेल्या मजूर बाईच्या हाती त्यातून काहीच पडत नाही. तिच्यासाठी निराळी रक्कम आधीच जाहीर करावी आणि ती समारंभात न देता मजुरीसोबत द्यावी.

खरी अडचण यश लपवणाऱ्याची असते. ज्याचे पीक साधले तो शेतकरीही ‘यंदा काही खरं नाही’ असे म्हणतो, कारण नजर लागण्याची आणि उसने मागणाऱ्यांची त्याला धास्ती असते. हीच सवय कामावर येते, आणि प्रतवारीचे यंत्र नेमके लावण्याची हातोटी असलेला कारागीर ती कोणाला दाखवत नाही. तो कोत्या मनाचा असतो असे नाही. दुसरा शिकला तर आपली गरज संपेल, ही त्याची भीती अगदीच निराधार नसते. त्याला उपदेश करू नये. शिकवण्याचे तास हजेरीत धरावेत, शिकलेल्याच्या नोंदीशेजारी शिकवणाऱ्याचे नाव लिहावे आणि पुढील हंगामातील त्याचे काम लेखी कायम करावे.

एवढे करूनही कुरकुर पानठेल्यावर पोहोचतेच. ती दडपण्याऐवजी वही अध्यक्षांच्या कपाटातून काढून वजनकाट्याजवळ ठेवावी, तिच्यातील नोंदी दर आठवड्याला मोठ्याने वाचून दाखवाव्यात आणि हरकत आल्यास ती त्या नोंदीखालीच लिहून घ्यावी.