हवा-इंधन गुणोत्तराचे गेज: आधी तपासणी, मग वाइडबँड

डॅशबोर्डवरचे हवा-इंधन गुणोत्तराचे (इंधनाच्या एका भागाला हवेचे किती वजनी भाग, हे दाखवणारे) गेज विचित्र आकडे दाखवू लागले की बहुतेक गाडीमालक थेट नवा ऑक्सिजन सेन्सर मागवतात, आणि तो बसवूनही आकडा हलला नाही की गेजला नावे ठेवतात. पुष्कळदा या दोन्ही खर्चांची गरज नसते. सेन्सर इंधन मोजत नाही. एक्झॉस्टमधून जाणाऱ्या वायूत शिल्लक राहिलेला ऑक्सिजन तेवढा त्याला कळतो. तो ऑक्सिजन इंजिनातून आला की मॅनिफोल्डच्या (इंजिनाला लागून असलेल्या एक्झॉस्टच्या पाइपांच्या) फुटलेल्या गॅस्केटमधून आत शिरला, हे ओळखण्याचे काम आपले असते. पुढील विवेचन पेट्रोल इंजिनापुरते आहे.

आपल्याकडे कोणता सेन्सर आहे?

बॉशने विकसित केलेला लॅम्बडा सेन्सर, म्हणजेच हा ऑक्सिजन सेन्सर, १९७६ साली वोल्वोच्या गाड्यांत प्रथम आला, आणि साध्या नॅरोबँड सेन्सरचे तत्त्व आजही तेच आहे. झिरकोनियाच्या सिरॅमिकला एका बाजूने बाहेरची हवा लागते आणि दुसऱ्या बाजूने एक्झॉस्टचा वायू. सिरॅमिक सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापले की दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधील फरकानुसार व्होल्टेज तयार होते. मिश्रण रिच, म्हणजे इंधन जास्त, असेल तर ते ०.८ ते ०.९ व्होल्ट असते, आणि लीन, म्हणजे इंधन कमी, असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास उतरते. मधली उडी जवळजवळ उभी असते, त्यामुळे मिश्रण आदर्श गुणोत्तराच्या (हवा आणि इंधन दोन्ही पुरेपूर वापरले जाण्याच्या प्रमाणाच्या) कोणत्या बाजूला आहे एवढेच हा सेन्सर सांगतो, किती दूर आहे ते सांगत नाही. गाडीचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) इंधन सतत कमीजास्त करून हे व्होल्टेज ०.४५ च्या अलीकडे-पलीकडे खेळवत ठेवतो. म्हणूनच नॅरोबँडला जोडलेल्या जुन्या गेजवरच्या रंगीत दिव्यांची पट्टी एकसारखी नाचत असते. ते नाचणे प्रकृती ठीक असल्याचे लक्षण आहे, पण मिश्रण मोजण्यासाठी तिचा उपयोग दिवाळीच्या तोरणापेक्षा फारसा जास्त नाही.

हे अंतरही मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरमध्ये याच पेशीच्या जोडीला ऑक्सिजन आतबाहेर ढकलणारी दुसरी पेशी असते, आणि तिला लागणाऱ्या प्रवाहावरून कंट्रोलर खरा आकडा काढतो. बॉशच्या एलएसयू सेन्सरला पाच तारा असतात, तर नॅरोबँडला एक ते चार. मात्र तारा मोजून निष्कर्ष काढू नये, कारण काही टोयोटा गाड्यांतला मूळचा एअर-फ्युएल सेन्सर चार तारांचाच असतो. पार्ट नंबर पाहणे हाच खात्रीचा मार्ग. अशा मूळ सेन्सरच्या तारेला बाहेरचे गेज कधीही जोडू नये. त्याची माहिती स्कॅनरवरच (ईसीयूला जोडून त्यातली माहिती दाखवणाऱ्या उपकरणावर) वाचावी.

बिघाड शोधताना

सुरुवात गळतीपासून करावी. सेन्सरच्या आधी कुठेही फट असेल तर दाबाच्या लाटांमुळे बाहेरची हवा आत ओढली जाते आणि गेज खोटे लीन दाखवते. आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) आकडा लीन आणि वेग वाढवला की सुधारतो, असे दिसले तर संशय प्रथम गळतीवर घ्यावा. इंजिन थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची बाहेर फेकली जाणारी हवा सायलेन्सरच्या टोकातून सोडावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी मारावे. बुडबुडे जागा दाखवतात. माझ्या एका जुन्या गाडीत दोन सेन्सर बदलून झाल्यावर मॅनिफोल्डच्या सांध्यावर काजळीची बारीक रेघ दिसली. ती आधी पाहिली असती तर दोन्ही सेन्सरांचे पैसे वाचले असते.

मिसफायर, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण न पेटणे, ही दुसरी फसवणूक. प्लग किंवा कॉइल खराब असेल तर न जळलेल्या पेट्रोलबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर पडतो, आणि नाकाला पेट्रोलचा वास येत असतानाही गेज लीनच दाखवते. अशा वेळी आकड्यावर विश्वास ठेवून इंधन वाढवले तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा भाग) तापून खराब होण्याचा धोका असतो.

यानंतर सेन्सरकडे वळावे. स्कॅनरवर पी०१३५ हा कोड असेल तर तो पहिल्या सेन्सरच्या हीटर सर्किटचा दोष दाखवतो, म्हणून आधी फ्यूज पाहावा. बॉशच्या चार तारांच्या सेन्सरमध्ये दोन पांढऱ्या तारा हीटरच्या, काळी सिग्नलची आणि करडी अर्थची असते. कपलर सोडवून दोन पांढऱ्या तारांमधला रोध मोजावा. तो काही ओम यायला हवा, आणि मीटर सर्किट तुटल्याचे दाखवत असेल तर हीटर गेलेला आहे. सिग्नलच्या तारेवर मात्र ओममीटर लावू नये. कपलर पुन्हा जोडून, गरम इंजिन २,५०० आरपीएमवर धरून, डिजिटल मल्टीमीटरने सिग्नलचे व्होल्टेज पाहावे. ते सेकंदाला साधारण एकदा तरी वरखाली होत असेल, अॅक्सिलरेटर झटक्याने दाबल्यावर ०.८ च्या वर जात असेल आणि व्हॅक्यूमचा छोटा पाइप काढल्यावर ०.२ च्या खाली उतरत असेल, तर सेन्सर ठीक आहे. ०.४५ वरच अडकलेले व्होल्टेज बहुधा थंड सेन्सर किंवा तुटलेली तार सुचवते. सेन्सरच्या तारा सोल्डर करू नयेत आणि कपलरमध्ये ग्रीस भरू नये, कारण अनेक सेन्सर तुलनेची बाहेरची हवा तारांच्या धाग्यांमधूनच आत घेतात.

गाडीचा स्वतःचा सेन्सर नीट उड्या मारतो आहे, फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात करत असलेली टक्केवारीतली दुरुस्ती) शून्याच्या जवळ आहे, आणि तरीही बाहेरून बसवलेले गेज वेगळेच काही सांगते आहे, तर दोष त्या गेजच्या मार्गात आहे. तिथे बहुतेकदा अर्थिंगचा घोळ निघतो. हेडलाइट आणि रेडिएटरचा पंखा चालू ठेवून, गेजची अर्थ आणि बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल यांच्यातले व्होल्टेज मोजावे, ०.१ पेक्षा जास्त आले तर अर्थ दुसरीकडे घ्यावी. गेजचा अॅनालॉग सिग्नल ईसीयूला दिलेला असेल तर हे विशेष महत्त्वाचे ठरते. ०.५ व्होल्ट म्हणजे ८.५ आणि ४.५ व्होल्ट म्हणजे १८ असे गणित असलेल्या कंट्रोलरमध्ये ०.१ व्होल्टच्या चुकीने सुमारे पाव आकड्याचा फरक पडतो.

वाइडबँड बसवताना

मूळचा नॅरोबँड सेन्सर जागेवरच राहू द्यावा आणि वाइडबँडसाठी वेगळे बुश (सेन्सर पिळून बसवायचे आटेदार कडे) वेल्ड करून घ्यावे. आटे १८ मिलिमीटर व्यासाचे आणि १.५ मिलिमीटर पिचचे असतात. जागा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी आणि टर्बो असल्यास टर्बोच्या नंतर निवडावी, आणि सेन्सर आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर झुकलेला ठेवावा, म्हणजे थंड पाइपमधले पाणी त्याच्यावर साचणार नाही. तापलेल्या सिरॅमिकवर पाण्याचा थेंब पडला की ते तडकते. वेल्डिंगच्या वेळी सेन्सर बुशमध्ये नसावा आणि बॅटरीची केबल काढलेली असावी. सेन्सर ४० ते ६० न्यूटन-मीटर इतका आवळावा आणि अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणूनचा लेप) लावायचेच असेल तर फक्त आट्यांना लावावे.

एलएसयू ४.२ आणि ४.९ हे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कंट्रोलर आतल्या पेशीच्या रोधावरून तापमान ठरवतो, आणि तो रोध ४.२ मध्ये ८० ओमच्या तर ४.९ मध्ये ३०० ओमच्या आसपास धरलेला असतो. मोकळ्या हवेत कॅलिब्रेशन करायला कंट्रोलरची पुस्तिका सांगत असेल तर ते सेन्सर पाइपमध्ये बसवण्याआधी, धुरापासून दूर उरकावे.

आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सेन्सर प्रत्यक्षात लॅम्बडा, म्हणजे प्रत्यक्ष गुणोत्तर भागिले आदर्श गुणोत्तर, ओळखतो. गेज त्याला १४.७ ने गुणून शुद्ध पेट्रोलचा आकडा दाखवते. आता आपल्या पंपांवर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचे आदर्श गुणोत्तर सुमारे १३.५ आहे, आणि सीएनजीचे १७ च्या थोडे वर. तरीही मिश्रण बरोबर असेल तर गेजवर १४.७ हाच आकडा येतो. त्यामुळे गेज लॅम्बडावर ठेवणे उत्तम. आयडलवर आणि संथ चालीत १ च्या आसपास, आणि टर्बो नसलेल्या इंजिनावर पूर्ण भार असताना साधारण ०.८५ ते ०.८८, अशी अपेक्षा ठेवावी.

शेवटची तपासणी घाटात होते. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की ईसीयू इंधन बंद करतो, एक्झॉस्टमध्ये निव्वळ हवा येते, आणि गेज काही क्षणांत लीनच्या टोकाला जायला हवे. ते मध्येच कुठेतरी अडखळले तर सेन्सर किंवा त्याची जुळणी पुन्हा पाहावी. गेज काही दिवस बंद ठेवायचे असेल तर सेन्सर काढून बुशला बूच मारावे, कारण हीटर बंद असलेला सेन्सर चालू एक्झॉस्टमध्ये राहिला की त्याच्यावर काजळी बसते आणि तो खराब होतो.