माल आला कुठून, गेला कुठे? औद्योगिक परिसंस्थाशास्त्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी

इंजिनिअरिंग किंवा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची मुलं-मुली भेटली की हमखास विचारतात, "ताई, सस्टेनेबिलिटीत यायचंय, कोणता कोर्स करू?" कोर्सचं पुढे सांगतेच. पण हे क्षेत्र आपल्याकडून काय मागतं, ते आधी कळायला हवं. बहुतेकांना वाटतं की पर्यावरणाची तळमळ असली की झालं. तळमळ हवीच, त्याशिवाय इथे कुणी टिकत नाही. पण रोजचं काम मोजदादीचं असतं. कारखान्यात किती माल आला, त्यातला किती विकला गेला आणि उरलेला कुठे गेला, हे तीन प्रश्न न कंटाळता विचारता यायला हवेत. उत्तर अर्धवट मिळालं तर पुन्हा विचारता यायला हवेत.

जंगलात एकाचा टाकाऊ भाग दुसऱ्याचं अन्न होतो; कारखान्यांचीही अशी साखळी बांधता येईल का, असा विचार जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या रॉबर्ट फ्रॉश आणि निकोलस गॅलोपूलस यांनी 1989 साली एका लेखात मांडला आणि तिथून औद्योगिक परिसंस्थाशास्त्र, म्हणजे इंडस्ट्रियल इकॉलॉजी, या विषयाला जोर आला. डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्ग गावात मात्र हे त्याआधीच सुरू झालं होतं. तिथल्या वीजकेंद्राची वाफ शेजारच्या कारखान्यांना जाते. धुरातलं गंधक काढताना तयार होणारं जिप्सम भिंतींचे बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला मिळू लागलं. 1970 च्या दशकापासून हे एकेक करार होत गेले, तेही दोन शेजाऱ्यांना परवडलं म्हणून. कुणी वरून आराखडा आखून दिला नव्हता. प्रत्येक पाठ्यपुस्तकात हे उदाहरण असतं आणि विद्यार्थी ते पाठ करून येतात.

मला वाटतं, आपण नवी मुंबईचं उदाहरण आधी बघावं. मोरबे धरणाचं पाणी आपल्या घरी येतं, वापरून झालं की मलनिःसारण केंद्रात जातं. महापालिकेने कोपरखैरणे आणि ऐरोलीत त्याच पाण्यावर आणखी एका टप्प्याची प्रक्रिया करून ते एमआयडीसीतल्या कारखान्यांना द्यायची व्यवस्था उभी केली. म्हणजे आपल्या आंघोळीचं पाणी रबाळे-महापेच्या कूलिंग टॉवरपर्यंत पोचू शकतं. कारखान्याने ते जितकं घेतलं तितकं धरणाचं पाणी वाचतं. ठाणे स्टेशनला ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून तुर्भ्याला उतरेपर्यंत हा सगळा पट्टा डोळ्यांखालून जातो: कारखाने, डेटा सेंटर, झोपड्या, टॉवर आणि पलीकडे खाडी. शिकायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

आता मोजदाद कशी असते ते एका गाळ्यावरून सांगते. एमआयडीसीत वेफर-बिस्किटांच्या पाकिटांवर छपाई करणारं एक छोटं युनिट होतं. मी तिथे वर्षभराचा मालाचा ताळेबंद मांडायला गेले होते. पद्धत साधी असते: वर्षाच्या सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा अखेरचा साठा, म्हणजे प्रत्यक्ष वापर. फिल्मचे रोल जुळले. छापलेला माल, कडेची ट्रिम आणि मशीन सेट करताना वाया गेलेली फिल्म यांची बेरीज खरेदीच्या जवळपास आली. शाईचा हिशोबही साधारण लागला. अडलं ते इथाइल अ‍ॅसिटेटपाशी. शाई पातळ करायला लागणारं हे सॉल्व्हंट, त्याची बॅरलं दर आठवड्याला यायची. स्टोअरचे काका रजिस्टर पुढे सरकवून म्हणाले, "मॅडम, ट्रिम भंगारात जाते त्याची वजनकाट्याची पावती आहे. रिकाम्या डब्यांचीही आहे. हे मात्र नुसतं आत येतं बघा."

मशीनवरच्या ऑपरेटरला विचारलं तर तो म्हणाला, "ते ड्रायरमध्ये उडतं. उडायलाच हवं, नाहीतर पाकिटाला वास राहतो."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. सॉल्व्हंट हा मालाचा भागच नसतो. रोलर धुतलेलं मळकं सॉल्व्हंट शुद्धीकरणवाल्याकडे जायचं, त्याची कागदपत्रं होती. ती वजा केल्यावर जे उरलं ते सगळं हवेत गेलेलं होतं आणि ते मोजायला चिमणीवर कुठलंही यंत्र लावावं लागलं नाही. खरेदीच्या बिलांनीच आकडा दिला. मालकांनीही तो पहिल्यांदाच पाहिला. वर्षाला किती रुपयांचं सॉल्व्हंट उडतं हे कळल्यावर ते ड्रायरच्या हवेतून परत मिळवण्याच्या यंत्रणेची चौकशी त्यांनी स्वतःहून सुरू केली. या कामातला माझा सर्वांत आवडता क्षण हाच: पर्यावरणाचा तोटा आणि धंद्याचा तोटा एकाच ओळीत दिसतो.

हेच पाकीट पुढे आपल्या घरी येतं. पाच-दहा रुपयांच्या पुड्यात प्लास्टिकचे दोन-तीन वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, मध्ये धातूचा पातळ मुलामा असतो. हे थर सुटे करणं परवडत नाही. म्हणून भंगारवाला दुधाची पिशवी घेतो, पाण्याची बाटली घेतो, पण वेफरचं पाकीट घेत नाही. 2022 च्या प्लास्टिक नियमांमध्ये अशा बहुस्तरीय पाकिटांचा वेगळा वर्गच आहे. ते बाजारात आणणाऱ्या कंपनीवर ते गोळा करून त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी टाकली आहे. गोळा झालेलं बरंचसं सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातं. गोळा न झालेलं नाल्यातून खाडीत.

रोजच्या वस्तूंचा विषय निघाला की लोक थेट निकाल मागतात: कापडी पिशवी चांगली की प्लास्टिकची? डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018 मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. साध्या सुती पिशवीचं हवामानावरचं ओझं प्लास्टिकच्या पिशवीइतकं खाली यायला ती किमान 52 वेळा वापरावी लागते आणि सगळे निकष धरले तर 7100 वेळा. दुसरा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर खूप फिरला. पण तो मुख्यतः ओझोनच्या थराच्या एका निकषामुळे इतका फुगला आहे. शिवाय त्या अभ्यासात उघड्यावर पडणाऱ्या कचऱ्याचा परिणाम धरलेला नाही, कारण डेन्मार्कमध्ये बहुतेक पिशव्या जमा होऊन भट्टीत जातात. आपल्याकडे पावसाळ्यात तुंबलेल्या गटारातून काय निघतं ते आपण दरवर्षी पाहतो. तेव्हा तो आकडा जसाच्या तसा ऐरोलीच्या बाजारात लावता येत नाही. आणि घरी जुन्या साडीची पिशवी शिवली असेल तर तिच्यासाठी नवा कापूस पिकवलेलाच नाही, तिचा हिशोब आणखी वेगळा. कुठलाही आकडा दिसला की तीन गोष्टी तपासा: तुलना कशाची कशाशी आहे, मोजणी कुठून कुठपर्यंत केली आहे आणि काय सोडून दिलं आहे. जीवनचक्र मूल्यांकनाची, म्हणजे कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंत वस्तूचा पर्यावरणावरचा परिणाम मोजण्याची, आयएसओ 14040 आणि 14044 ही मानकं वाचाल तेव्हा त्यातही हेच, जास्त काटेकोर भाषेत लिहिलेलं सापडेल.

सरावासाठी घरापासून सुरुवात करा. महावितरणच्या बिलावरचे युनिट घ्या आणि 0.7 ने गुणा. देशाच्या ग्रिडवरच्या एका युनिटमागे साधारण तेवढे किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि हा आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी नव्याने जाहीर करतं. महिन्याला 250 युनिट म्हणजे सुमारे 175 किलो. गॅसच्या 14.2 किलोच्या सिलिंडरमधून जळल्यावर साधारण 42 किलो. एसीचे महिने आणि बिनाएसीचे महिने शेजारी मांडून बघा. कागदी स्ट्रॉवर तासन्तास बोलणाऱ्या घरात एसी किती अंशांवर चालतो, हा प्रश्न मग आपोआप पुढे येतो. तो घरच्यांना प्रेमाने विचारा.

आता शिक्षणाचं. औद्योगिक परिसंस्थाशास्त्र या नावाची स्वतंत्र पदवी आपल्याकडे सहज मिळत नाही. केमिकल, मेकॅनिकल, सिव्हिल, रसायनशास्त्र, अर्थशास्त्र, अगदी कॉमर्सवालेही इथे येतात. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन पवईला आयआयटी मुंबईच्या पर्यावरण विभागात एमटेक करता येतं. ठाणे-ऐरोलीच्या मुलांना ते घरून जाऊन-येऊन जमतं. परदेशी जायचं असेल तर नेदरलँड्समध्ये लायडन आणि डेल्फ्ट विद्यापीठांचा संयुक्त अभ्यासक्रम आहे, नॉर्वेत ट्रॉनहाइमला आहे. पैसे घालण्याआधी एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण संकेतस्थळावरचे मोफत अभ्यासक्रम बघा आणि ओपनएलसीए हे जीवनचक्र मूल्यांकनाचं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घ्या. त्यात भरायचे मोठे माहितीसंच बहुतेक विकत घ्यावे लागतात आणि त्यातले बरेचसे युरोपीय कारखान्यांवरून बनवलेले आहेत. म्हणून सॉफ्टवेअर येणाऱ्यापेक्षा इथल्या कारखान्याचा खरा आकडा आणू शकणाऱ्याला जास्त किंमत आहे. एक्सेल मात्र पक्कं हवं.

नोकऱ्या सध्या कायद्यामुळे वाढताहेत. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2022-23 पासून शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या 1000 कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल बंधनकारक केला. त्या कंपन्या आता आपल्या पुरवठादारांकडे प्रश्नावल्या पाठवतात आणि ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतला लहान कारखानदार ती प्रश्नावली घेऊन गोंधळून बसतो. युरोपने आयात पोलाद, अ‍ॅल्युमिनियम वगैरेंवर कार्बनचा हिशोब 1 ऑक्टोबर 2023 पासून मागायला सुरुवात केली. त्यात नट-बोल्टही येतात. अशा उद्योजकाला मराठीत, त्याच्या टेबलाशी बसून समजावणारी माणसं फार कमी आहेत. मला तर हे काम सर्वांत मोलाचं वाटतं.

एका अडचणीची तयारी ठेवा. "याचा टाकाऊ माल त्याला देऊ" हे कागदावर सोपं दिसतं. तो माल घातक कचऱ्यात मोडत असेल तर 2016 च्या नियमांतल्या नियम 9 खाली प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते, ठरलेली कार्यपद्धती पाळावी लागते. उद्या मालाची प्रत बदलली तर जबाबदारी कुणाची, हेही लिहून घ्यावं लागतं. वापरलेलं आम्ल शेजारच्या गाळ्याला उपयोगी असूनही कित्येकदा घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या महापे किंवा तळोज्याच्या सामायिक सुविधेकडे जातं, ते यामुळे. नियम कडक आहेत ते योग्यच आहे. रात्री टँकर नाल्यात ओतून पसार होणारे इथल्या लोकांनी पाहिले आहेत आणि त्याची झळ सगळ्यात आधी खाडीतल्या कोळ्यांना बसली आहे. तेव्हा नियमांचा अभ्यास कंटाळवाणा म्हणून टाळू नका.

इंटर्नशिपसाठी माझा सल्ला जुलै-ऑगस्टचा आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र घेतलेल्या प्रत्येक कारखान्याला 30 सप्टेंबरपर्यंत मंडळाकडे फॉर्म पाच, म्हणजे पर्यावरण विवरणपत्र भरावं लागतं. त्यात पाण्याचा वापर आणि प्रत्येक उत्पादनामागे लागलेला कच्चा माल लिहायचा असतो, म्हणजे हाच आपला ताळेबंद. लहान युनिटमध्ये तो भरायला माणूस नसतो. रबाळ्याला ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आणि वागळे इस्टेटला लघुउद्योजकांची संघटना आहे. तिथे जाऊन, हे काम मी मोबदल्याशिवाय करून देते, फक्त मला कारखाना बघू द्या, असं सांगा. एखादा मालक नक्की हो म्हणतो. जाताना सेफ्टी शूज घाला, केस बांधा, एक जाड वही घ्या. आत गेल्यावर आधी स्टोअरचं रजिस्टर मागा. वीज-पाण्याची बिलं अकाउंट्समध्ये मिळतात आणि भंगाराच्या पावत्या बहुधा गेटवरच्या सिक्युरिटीकडे असतात.