ओरॅकलमधला व्ह्यू: कंपाइल करणं वेगळं, बदलणं वेगळं

ओरॅकल डेटाबेसात टेबलात कॉलम वाढवला आणि व्ह्यूत (नाव देऊन साठवलेल्या क्वेरीत) दिसत नाही म्हटलं की कोणीतरी लगेच सांगतो, 'ऑल्टर व्ह्यू कंपाइल मार'. मारून बघा, काही होणार नाही. ओरॅकलची ती कमांड व्ह्यूची क्वेरी बदलतच नाही, आहे तीच क्वेरी परत तपासते.

आधी युझर ऑब्जेक्ट्समध्ये (आपल्या टेबल-व्ह्यूंची ओरॅकलने ठेवलेली यादी) व्ह्यूचा स्टेटस बघा. इनव्हॅलिड, म्हणजे परत तपासायची गरज असलेला, असेल तर कंपाइल करा, एरर आला तर शो एरर्स मारून कारण बघा. तसा इनव्हॅलिड व्ह्यू पुढच्या सिलेक्टला आपोआप कंपाइल होतोच, पण चूक सकाळी काउंटरवरच्या माणसाच्या आधी आपल्याला कळलेली बरी.

आता खरी गोची. समजा गोव्यातल्या सत्तरीत काजू खरेदीचं सॉफ्टवेअर आहे आणि खरेदीच्या व्ह्यूत काजू_खरेदी टेबलाचा स्टार (म्हणजे सगळे कॉलम) आणि त्यापुढे शेतकऱ्याचं नाव घेतलंय. मोसमाच्या तोंडावर टेबलात 'ओलावा' हा कॉलम वाढवला. व्ह्यू बनवला त्याच दिवशी ओरॅकलने स्टारच्या जागी तेव्हाची कॉलमांची नावं लिहून ठेवलीत, त्यात ओलावा येणार कुठून? आणि ओरॅकलच्या ११जी व्हर्जनपासून नुसता कॉलम वाढवला तर व्ह्यू इनव्हॅलिड होईलच असं नाही, म्हणजे स्टेटसवर विसंबून चालायचं नाही. इथे क्रिएट ऑर रिप्लेसच (व्ह्यू नव्या क्वेरीने परत लिहिणारी कमांड) लागतं, आणि तेव्हा परत स्टार लिहू नका हो! ओलावा शेतकऱ्याच्या नावाच्या आधी घुसतो आणि कॉलमांच्या क्रमावर चालणारा रिपोर्ट नावाच्या जागी ओलावा छापत बसतो. नावं एकेक लिहा, नवा कॉलम शेवटी.

ड्रॉप करून परत क्रिएट करा असं सांगणाऱ्याचं तर अजिबात ऐकू नका, सगळे ग्रँट (इतरांना दिलेल्या परवानग्या) जातात. रिप्लेसमध्ये ग्रँट राहतात, पण इन्स्टेड ऑफ ट्रिगर (व्ह्यूत एंट्री केली की तिच्या जागी चालणारा कोड) राहत नाहीत, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून त्यात माझा बराच वेळ गेलाय. व्ह्यू व्हॅलिड दिसतो, सिलेक्ट झकास चालतं, आणि ॲपमधून एंट्री करायला गेलं की ०१७७९ नाहीतर ०१७३२ एरर (म्हणजे या व्ह्यूत असा बदल चालत नाही), माणूस ॲपमध्येच चूक शोधत राहतो. म्हणून रिप्लेसच्या आधी युझर ट्रिगर्समध्ये (ट्रिगरांची तशीच यादी) टेबल नेमच्या जागी व्ह्यूचं नाव घालून बघा, जे सापडेल त्याचा कोड डीबीएमएस मेटाडेटा पॅकेजच्या गेट डीडीएल फंक्शनने काढून ठेवा, आणि रिप्लेस झाल्या झाल्या परत चालवा.

व्ह्यूचा जुना कोडही तसाच काढा, एसक्यूएल प्लसमध्ये (ओरॅकलच्या कमांड लिहायच्या खिडकीत) असाल तर सेट लाँग मोठा ठेवून, नाहीतर मजकूर अर्ध्यावर तुटतो. त्या कोडात 'फोर्स' शब्द येतो, तो चालवण्याआधी खोडा. फोर्स ठेवला तर चुकीची क्वेरीसुद्धा नुसत्या वॉर्निंगवर आत जाते आणि चालता व्ह्यू बंद पडतो, फोर्स नसेल तर एरर येऊन जुना जागेवर राहतो.

मग या व्ह्यूवर उभे असलेले दुसरे व्ह्यू इनव्हॅलिड झालेत का बघून तेही कंपाइल करा. बरेच असतील तर डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) यूटीएलआरपी स्क्रिप्ट चालवायला सांगा, ती सगळे इनव्हॅलिड एकदम कंपाइल करते.

मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये मात्र ऑल्टर व्ह्यूच्या पुढे आख्खी नवी क्वेरीच द्यायची असते, तिथला कोड ओरॅकलमध्ये चिकटवू नका.