अनेक होस्टवर पसरलेले सेफ क्लस्टर कायमचे कसे बंद करावे

सेफ (Ceph) या मुक्त साठवण-प्रणालीत एका क्लस्टरचे, म्हणजे एकत्र चालणाऱ्या यंत्रसमूहाचे, भाग अनेक होस्टवर (सर्व्हर यंत्रांवर) विखुरलेले असतात आणि एखादा भाग नाहीसा झाला, की उरलेले भाग ती उणीव भरून काढू लागतात. एरवी जीव वाचवणारा हा गुण क्लस्टर मोडताना आडवा येतो, म्हणून या कामात क्रम चुकवून चालत नाही. पुढील पायऱ्या सेफएडीएम (cephadm) या उभारणी-व्यवस्थापनाच्या साधनाने उभारलेल्या क्लस्टरसाठी आहेत. हे साधन २०२० च्या ऑक्टोपस आवृत्तीपासून सेफसोबत येते.

पहिली पायरी वापरकर्त्या यंत्रांची. डेटा नव्या जागी नेल्यावर तो तेथून प्रत्यक्ष उघडून पाहावा; फायलींची संख्या जुळली एवढ्यावर विसंबू नये. मग सेफएफएस (सेफची फाइल-प्रणाली) माउंट केलेली आणि आरबीडी इमेज (सेफवरील आभासी डिस्क) जोडलेली प्रत्येक यंत्रणा शोधून ती जोडणी सोडवावी. ‘आरबीडी स्टेटस’ ही आज्ञा इमेज अजून कोणी धरून ठेवली आहे का, हे सांगते. माउंट तसाच ठेवून मॉनिटर (क्लस्टरच्या स्थितीची नोंद ठेवणारे सेफचे प्रोग्रॅम) बंद केले, तर त्या यंत्रावरील प्रोसेस उत्तराची वाट पाहत अशा अडकतात, की ‘किल’लाही दाद देत नाहीत आणि बऱ्याचदा यंत्रच रीस्टार्ट करावे लागते. एफएसटॅबमधली (यंत्र सुरू होताना काय माउंट करायचे त्या यादीतली) ओळही आठवणीने काढावी.

येथे एकेक होस्ट ‘ड्रेन’ करत, म्हणजे त्यावरील डेटा व सेवा दुसऱ्या होस्टवर हलवत, जाण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. ड्रेन करणे हे एखादा होस्ट काढून बाकीचे क्लस्टर चालू ठेवण्यासाठी असते; सगळेच मोडायचे असताना डेटाच्या प्रती इकडून तिकडे हलवण्यात वेळ वाया जातो आणि शेवटच्या काही डिस्कवरील प्रतींना जायला जागाच उरत नाही.

दुसऱ्या पायरीत क्लस्टर जिवंत असतानाच तीन गोष्टी कागदावर उतरवाव्यात: होस्टची यादी, कोणत्या होस्टवर कोणती डिस्क ओएसडीसाठी (डिस्कवर डेटा साठवणाऱ्या सेफच्या प्रोग्रॅमसाठी) वापरली आहे तो तक्ता, आणि क्लस्टरचा एफएसआयडी, म्हणजे ओळख-क्रमांक. एकूण पाच मॉनिटरपैकी तीन गेले, की बहुमत संपते आणि त्यानंतर क्लस्टरला काहीही विचारता येत नाही. एफएसआयडी पूर्ण, म्हणजे ३६ अक्षरी, लिहावा. सेफएडीएम तो वेळ आणि यंत्राचा नेटवर्क पत्ता यांवरून तयार करते, त्यामुळे एकाच यंत्रावर उभारलेल्या दोन क्लस्टरच्या क्रमांकांची शेपटी सारखीच दिसू शकते. पुढची आज्ञा या क्रमांकावरच विसंबून डेटा पुसते, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते.

यादी हाती आल्यावरच मॅनेजरमधील (क्लस्टरचे व्यवस्थापन करणाऱ्या सेफच्या प्रोग्रॅममधील) सेफएडीएम मॉड्यूल बंद करावे. ते चालू राहिले, तर एका होस्टवरून डेमन (पार्श्वभूमीत चालणारे सेफचे प्रोग्रॅम) काढत असताना ते दुसरीकडे नवे डेमन उभे करू लागते.

आता प्रत्येक होस्टवर स्वतंत्रपणे ‘सेफएडीएम आरएम-क्लस्टर’ ही आज्ञा ‘फोर्स’, ‘झॅप-ओएसडीज’ (ओएसडींच्या डिस्क मोकळ्या करणारा पर्याय) आणि पूर्ण एफएसआयडी देऊन चालवावी. एका होस्टवर चालवली म्हणून ती बाकीच्यांवर आपोआप चालत नाही. लॉग हवे असतील, तर ‘कीप-लॉग्ज’ हा पर्याय जोडावा किंवा ते आधीच दुसरीकडे हलवावेत. भारतातील संस्थांनी तर हे करावेच, कारण सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग जपावे लागतात.

झॅप केल्याने एलव्हीएमची (लिनक्सच्या डिस्क-विभागणी व्यवस्थेची) रचना आणि डिस्कच्या सुरुवातीच्या खुणा जातात, पण आतला डेटा बहुतांशी तसाच राहतो. डिस्क विकायची किंवा परत करायची असेल, तर ती संपूर्ण पुसावी. एनव्हीएमई (वेगवान एसएसडी प्रकारच्या) डिस्कसाठी तिची स्वतःची ‘सिक्युअर इरेज’ सोय वापरावी. ओएसडी एन्क्रिप्टेड असतील, तर त्यांच्या किल्ल्या मॉनिटरकडे असतात, तेव्हा मॉनिटरचा डेटा ज्या डिस्कवर होता तीही याच काळजीने हाताळावी.

शेवटी प्रत्येक होस्ट एकदा रीस्टार्ट करून सेफचा एखादा कंटेनर किंवा सिस्टिमडी युनिट (लिनक्सने आपोआप सुरू केलेली सेवा) पुन्हा उठत नाही ना, आणि लिहून ठेवलेल्या तक्त्यातील प्रत्येक डिस्क रिकामी दिसते ना, हे पडताळावे. रूट या प्रशासक खात्याच्या अधिकृत किल्ल्यांमध्ये क्लस्टरची एसएसएच (दुरून लॉगिन करण्याची) किल्ली बहुधा राहून गेलेली असते. ती काढून टाकावी आणि फायरवॉलमधील ३३०० व ६७८९ ही मॉनिटरची पोर्ट व ६८०० पासूनची ओएसडीची पोर्ट बंद करावीत. सेफएडीएमचे पॅकेज मात्र हे सारे झाल्यावरच काढावे, कारण एखाद्या होस्टवर काही शिल्लक आढळले, तर तीच आज्ञा पुन्हा चालवावी लागते.