भाजलेलं बोट वळत नाहीये? या चुका टाळा

जानेवारीत आमच्या सोलापुरात गड्ड्याची जत्रा चालू होती आणि आमच्याकडे कडक भाकरीच्या ऑर्डरी रांगेत होत्या. परातीतल्या पिठात ओतायचं उकळतं आधण घाईत माझ्या उजव्या हातावर सांडलं. तर्जनी आणि मधलं बोट मागच्या बाजूनं भाजलं, तर्जनी जास्त. जखम भरायला महिनाभर लागला. घरचे म्हणाले, सुटलीस. मग एका सकाळी पीठ मळायला बसले तर तर्जनी मधल्या सांध्यातून वळेचना. बाकीची तीन बोटं पिठात आणि ही एकटी वर, काडीसारखी.

ते बोट परत वळायला ऑक्टोबर उजाडला. त्यातले निदान तीन महिने माझ्याच चुकांनी खाल्ले.

पहिल्या दिवसाच्या चुका

टूथपेस्ट लावली. तेवढी एकच चूक सांगितली तरी पुरे, पण अंगठीही काढली नाही. तासाभरात बोट असं सुजलं की अंगठी कापून घ्यायला सराफाकडे जावं लागलं. भाजल्याबरोबर अंगठ्या-बांगड्या उतरवायच्या आणि हात 20 मिनिटं साध्या गार वाहत्या पाण्याखाली धरायचा. बर्फ नको, हळद नको, शाई नको. सोलापुरात नळाला पाणी यायची वाट बघत बसलात तर बोट जाईल, म्हणून बॅरलमधलं पाणी तांब्यानं ओतत राहायचं. भाजल्यावर दोन-तीन तासांच्या आत केलं तरी त्याचा उपयोग होतो.

पुढचे दोन-तीन दिवस मी हात खाली सोडून घरभर फिरले. सूज उतरायला हवी तर हात छातीच्या वर ठेवावा लागतो, झोपतानाही उशीवर. सूज तशीच राहिली तर ते पाणी सांध्याभोवती घट्ट होत जातं आणि सांधे तिथेच धरायला लागतात.

गल्लीतल्या दवाखान्यात दोन्ही बोटांना मिळून एकच पट्टी बांधली होती. दिसायला नीटनेटकी, पण चूक. ओल्या जखमा एकमेकींना लागल्या की बोटांमधली कातडी जुळून येते. प्रत्येक बोटाला वेगळी पट्टी आणि मधे जाळी किंवा गॉज असायला हवं. ड्रेसिंग करणाऱ्यानं केलं नाही तर सांगून करून घ्यायचं, लाजायचं नाही.

बरं वाटतं तसं हात ठेवणं

माझं बोट खरं इथे आखडलं. भाजलेला हात आपोआप एका ठरावीक ठेवणीत जातो: मनगट खाली पडलेलं, बोटाच्या बुडाचे सांधे मागे गेलेले, मधले सांधे अर्धे वाकलेले. तसं ठेवलं की दुखत नाही. आणि नवी कातडी भरताना आकसतेच, त्यामुळे हात ज्या ठेवणीत असेल तीच ती पक्की करते. पंजा होतो तो असा.

म्हणून स्प्लिंट, म्हणजे हात एका ठेवणीत धरून ठेवणारा कडक साचा, देतात आणि तो बरोबर उलट्या ठेवणीत असतो. हाताची मागची बाजू भाजली असेल तर मनगट 20 ते 30 अंश मागे, बुडाचे सांधे 70 ते 90 अंश वाकवलेले, पुढची बोटं सरळ. तळहात भाजला असेल तर सगळंच फिरतं, पंजा पूर्ण उघडून सपाट ठेवावा लागतो. शेजारच्या पोरानं तापलेल्या तव्यावर तळहात टेकवला होता. त्याचा स्प्लिंट 'तुला चालेल की' म्हणून त्याच्या आजीनं माझ्यासाठी आणून ठेवला. मायेनं आणला होता. वापरला असता तर आणखी एक महिना गेला असता.

मी दिवसा व्यायाम करायचे आणि रात्री स्प्लिंट काढून ठेवायचे, कारण त्यात झोप येत नाही. दिवसभराची कमाई रात्री जायची. सकाळी बोट पुन्हा काल होतं तिथे.

एक अपवाद, तो आधी वाचा

बोटाच्या मागे मधल्या सांध्यावर कातडी फार पातळ असते आणि तिच्या लगेच खाली बोट सरळ करणारी कंडरा असते. लोक तिला शीरच म्हणतात. तिथे भाजणं खोल असेल तर मूठ वळायचा उत्साह दाखवू नका. ती कंडरा तुटली की मधला सांधा वाकलेलाच राहतो आणि टोकाचं पेर मागे वळतं. अशा वेळी तो सांधा काही आठवडे सरळच बांधून ठेवतात. कातडी लावण्याचं ऑपरेशन झालं असेल तरी सुरुवातीचे काही दिवस हलवायचं नसतं. कधी सुरू करायचं ते सर्जननं सांगायचं, काकूंनी नाही.

मऊ चेंडू दाबत बसणं

सगळ्यात लाडकी चूक. मला चार जणांनी चार चेंडू आणून दिले. चेंडू मुठीत असला की बोट चेंडूच्या गोलाईपाशी थांबतं, पुढे जातच नाही, आणि सरळ होण्याचा तर सरावच नाही. अडकलेलं बोट आपलं काम शेजारच्या बोटांवर ढकलतं ते वेगळंच. ताकद नंतर येते. आधी बोट शेवटपर्यंत जायला हवं.

आमच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी चेंडू बाजूला ठेवला आणि माझं मधलं पेर दुसऱ्या हातानं घट्ट धरायला लावलं. आता फक्त टोकाचं पेर वाकवायचं. मग बुडाचं पेर धरून फक्त मधला सांधा. नंतर आकड्यासारखी मूठ: बुडाचे सांधे सरळ, पुढची दोन पेरं वाकलेली. मग पूर्ण मूठ, मग पूर्ण उघडलेला पंजा. प्रत्येक वेळी सावकाश ताणून 20-30 सेकंद थांबायचं, पाच-सात वेळा, आणि जागेपणी दर एक-दोन तासांनी. सकाळी एकदाच अर्धा तास घाम गाळण्याचा काही उपयोग होत नाही.

ओढ लागली तर चालते. पण व्यायामानंतर दुखणं किंवा सूज तासाभरात उतरली नाही तर जास्त झालं समजायचं. नणंदेच्या ओळखीतल्या एका मालिशवाल्यानं 'एकदाच कचकन मोकळं करतो' म्हणून बोट दाबलं होतं. पुढे आठ दिवस ते वांग्यासारखं होतं.

अडलंय कुठे, ते न पाहणं

बोट वळत नाही याची तीन वेगळी कारणं असतात आणि उपायही वेगळे. दुसऱ्या हातानं बोट वाकवून बघा. तसं वाकतंय पण स्वतः वाकत नाही, तर कंडरा चिकटली आहे किंवा ताकद गेली आहे. तिथे स्वतःहून हलवण्याचे व्यायाम लागतात. दुसऱ्या हातानंही अडतंय आणि ताणल्यावर व्रण पांढरा पडतोय, तर कातडी कमी पडते आहे. अशा वेळी मनगट आणि बुडाचा सांधा सरळ ठेवून बघा, मधला सांधा जास्त वळेल. आणि मनगट कसंही ठेवलं तरी मधला सांधा तेवढ्यावरच थांबतो, तर सांधाच धरला आहे. माझी पहिली दोन्ही कारणं होती, म्हणून नुसत्या मालिशनं काही होईना. हे घरी बघून ठेवा, पण नक्की काय ते फिजिओकडून तपासून घ्या.

जखम भरली, आता कशाला?

तीन आठवड्यांहून जास्त रेंगाळलेली जखम भरल्यावर व्रण जाड होण्याची शक्यता मोठी असते. तो लाल, टणक आणि खाजरा होतो, तीन ते सहा महिन्यांत सगळ्यात जास्त चढतो आणि मऊ व्हायला वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षं घेतो. तोवर तो आकसत असतो, म्हणून प्रेशर ग्लोव्ह, म्हणजे व्रण दाबून ठेवणारा घट्ट लवचीक हातमोजा, दिवसाचे 23 तास. एकाच बोटाला लागत असेल तर स्वतःला चिकटणारी लवचीक पट्टी टोकाकडून तळहाताकडे गुंडाळायची आणि नख दाबून सोडायचं. लगेच गुलाबी झालं नाही तर पट्टी आवळली आहे.

एप्रिल-मे मध्ये सोलापुरात 42-43 अंशांत तो ग्लोव्ह घालणं म्हणजे शिक्षाच. मी दुपारी काढून ठेवायचे आणि महिनाभरात व्रण दोरीसारखा वर आला. दोन जोड घ्या, रोज एक धुवा, सावलीत वाळवा, उन्हात त्याचं इलॅस्टिक ढिलं पडतं. उन्हात निघताना हात झाका, कोवळी कातडी काळवंडते. व्यायामाआधी वास नसलेलं क्रीम लावून व्रण अंगठ्यानं गोल गोल चोळायचा, नाहीतर कोरडी कातडी ताणताना तडकते.

नव्या कातडीला चटका नीट कळत नाही. मी ते विसरून तव्यावरची भाकरी त्याच बोटानं उलटली आणि फोड आलेला दिसला तेव्हा कळलं. शेकण्यासाठीचं कोमट पाणीही चांगल्या हातानं बघून घ्यायचं.

जखमेतून पू, ताप, हातावर चढणारी लाली दिसली, किंवा जखमेच्या मानानं फारच जास्त जळजळ, हात चकचकीत आणि कधी गरम कधी गार पडणं असं दिसलं, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि महिनोन्‌महिने मनापासून करूनही बोट एकाच जागी अडलं असेल तर आखडलेला व्रण सोडवायचं ऑपरेशन असतं. त्यानंतर स्प्लिंट आणि व्यायाम पहिल्यापासून.

मला मात्र एका पट्टीनं तारलं, पोराच्या कंपासमधल्या. मूठ वळायची आणि बोटाचं टोक तळहाताच्या रेघेपासून किती लांब राहतं ते दर रविवारी कॅलेंडरवर लिहायचं. मेमध्ये साडेचार सेंटीमीटर होतं. जुलैत पंधरा दिवस आकडा हललाच नाही, तेव्हा सोलापूरच्या पूर्व भागातली, जन्मभर विड्या वळणारी आमची एक आक्का तेंदूची पानं घेऊन आली. म्हणाली, "मूठ राहू दे गं, हे वळून बघ." पहिल्या दिवशी तीन वळल्या, तिन्ही सुटल्या. आक्का हसली आणि सुटलेला तंबाखू गोळा करून परत सुपात टाकला.

परवाच्या रविवारी कॅलेंडरवर अर्धा सेंटीमीटर लिहिलाय.