शाळेतील कुंभारकाम: चाकाआधीची तयारी
नाशिकच्या एखाद्या शाळेत आठवी-नववीच्या मुलांसाठी कुंभारकामाचा वर्ग सुरू करायचा असेल, तर चाकाची चौकशी सावकाश करावी आणि पहिले लक्ष मातीकडे द्यावे, असे कलाशिक्षक म्हणून मी आग्रहाने सांगेन. आपल्याकडची काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना आक्रसून भेगाळते. ती एकटीच वापरली, तर चांगली जमलेली वाटीही काठापासून तडकते. त्यामुळे पहिल्या वर्षी कुंभारवाड्यातील जाणत्या कारागिरांकडून मिश्रण करून मळलेली माती घेणे उत्तम. मात्र नवरात्रातले घट, दिवाळीच्या पणत्या आणि संक्रांतीची सुगडे यांच्या आधीचे आठवडे त्यांच्या धावपळीचे असतात, म्हणून मागणी बरीच आधी नोंदवावी. दर मुलामागे दोन किलो माती सुरुवातीला पुरते.

माती शाळेतच तयार करायची झाल्यास खडे वेचून ती तीन-चार दिवस भिजवावी, कालवून बारीक जाळीतून गाळावी, वर आलेले निवळ पाणी काढून टाकावे आणि थोडी बारीक वाळू मिसळावी. तिची करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळून पाहावी. तडे गेले नाहीत, तर माती वळणदार आहे. त्यानंतर मातीची एक पट्टी लाटून तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ कोरावी आणि पट्टी पूर्ण वाळल्यावर ती पुन्हा मोजावी. रेघ ९.२ सेंटिमीटर भरली, तर माती ८ टक्के आक्रसली; हा हिशेब मुलांनी स्वतः वहीत मांडावा, कारण झाकण बरणीला का बसत नाही याचे उत्तर त्यातच असते. मळलेला गोळा ताणलेल्या दोऱ्याने मधोमध कापावा आणि कापात बारीक छिद्रे दिसली, तर हवा राहिली आहे असे समजून पुन्हा मळावा.

साहित्य साधेच लागते: स्पंज, सायकलचा आरा, जुना कंगवा, लाकडी फळी, बादली आणि अंगावर चढवायला वडिलांचा जुना सदरा. नखे कापलेली असावीत. वाळलेली माती मात्र केरसुणीने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण तिच्या धुळीतील सिलिका फुप्फुसांना अपायकारक असते. मातीचे पाणी बेसिनमध्ये न ओतता बादलीत निवळू द्यावे.

पहिले काही तास चिमटीने वाटी घडवण्याला आणि वळ्या रचण्याला द्यावेत. त्याच सुमारास मुलांना हेही सांगावे की १९५०-५१ साली नाशिक आणि जोर्वे येथे झालेल्या उत्खननांतून ताम्रपाषाणयुगातील मृद्भांडी उजेडात आली, आणि तांबड्या पृष्ठावर काळी नक्षी असलेल्या त्या घाटाला आज जोर्वे भांडी म्हणतात. आपल्याच नदीकाठची ही परंपरा आहे, हे कळल्यावर मुले गोळा अधिक आस्थेने हाती धरतात.

वाळवणीसाठी वेळापत्रकात किमान दहा दिवस राखून ठेवावेत आणि पावसाळ्यात त्याहून अधिक. एका ऑगस्टमध्ये मी घाई केली. भांडी वरून कोरडी दिसत होती, पण भट्टी तापू लागताच आतल्या ओलीची वाफ होऊन निम्म्याहून अधिक फुटली, आणि मुलांचे चेहरे मला अजून आठवतात. तेव्हापासून प्रत्येक भांडे गालाला लावून पाहतो. गार लागले, तर ते अजून ओले आहे. पहिले दोन-तीन दिवस भांड्यांवर सैल प्लास्टिक घालावे, वारा थेट लागू देऊ नये आणि भिंतीची जाडी सगळीकडे सारखी, साधारण एक सेंटिमीटरच्या आत ठेवावी.

भाजणी अनुभवी कुंभाराच्या हातीच सोपवावी, आच सुरुवातीला मंद ठेवण्याची विनंती करावी आणि मुलांना सुरक्षित अंतरावरून पाहू द्यावे. अशी भाजलेली भांडी सच्छिद्र असतात. ती रोपांना आणि दिव्यांना योग्य. घटक ठाऊक नसलेला चकचकीत लेप दिलेल्या भांड्यांत खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत, त्यात शिसे असू शकते. आणि माती ओली असतानाच प्रत्येकाने बुडाशी आपला हजेरी क्रमांक खोल कोरावा, कारण भट्टीतून सगळ्या वाट्या एकसारख्या तांबड्या होऊन येतात.