परदेशात फोटोग्राफी शिकायची आहे? शिष्यवृत्ती शोधताना या चुका टाळा

दापोलीपासून मालवणपर्यंत कॅमेरा हाताळणारी तरुण मुलं आता गावोगावी दिसतात. लग्नाच्या ऑर्डरी घेतात, होमस्टेवाल्यांचे फोटो काढून देतात, आणि त्यातल्या काहींना बाहेर जाऊन हे शास्त्रशुद्ध शिकायचं असतं. अशा मुलांचे अर्ज माझ्याकडे वाचायला येतात. फोटो बहुतेकांचे चांगले असतात. अर्ज पडतो तो भलत्याच कारणांनी, आणि ती कारणं टाळता येण्यासारखी असतात म्हणून जास्त वाईट वाटतं.

फक्त ‘फोटोग्राफी’ शोधणं

निव्वळ फोटोग्राफीसाठी राखून ठेवलेल्या शिष्यवृत्त्या मोजक्याच आहेत. मोठा पैसा ललितकला, दृश्यसंवाद, पत्रकारिता आणि वारसा जतन या नावांखाली असतो. जर्मनीच्या डाड (DAAD) या शैक्षणिक विनिमय संस्थेची ललितकला, डिझाइन, दृश्यसंवाद आणि चित्रपट या विषयांसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे आणि तिथे पोर्टफोलिओ द्यावा लागतो. ब्रिटनला जाणाऱ्यांसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट कला आणि वारसा या क्षेत्रांतल्या भारतीयांना मदत करतो. अमेरिकेसाठीच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपच्या विषयांत पत्रकारिता आहे, स्टुडिओतली कलात्मक फोटोग्राफी नाही. त्यामुळे डॉक्युमेंटरी करणाऱ्याने पत्रकारितेच्या दाराने जावं, आणि कलात्मक काम करणाऱ्याने तिथे वर्ष घालवू नये.

ब्रिटिश सरकारच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीला विषयाचं बंधन फारसं नाही. ती ब्रिटनमधल्या एक वर्षाच्या मास्टर्ससाठी असते आणि २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. लग्नाची कामं स्वतःची म्हणून केली असतील तर तीही या तासांत धरता येतात, पण बिलं, बँकेतल्या नोंदी, गिऱ्हाइकांचे निरोप असा हिशेब जवळ ठेवा. शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायची अट आहे, म्हणून परत येऊन काय करणार हे ठोस लिहा. ‘समाजासाठी काहीतरी करेन’ याने भागत नाही. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची, म्हणजे कातळाच्या पठारांवरची, कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. ‘या सड्यांवरच्या चित्रांची आणि भोवतालच्या चिरेखाणींची छायाचित्र-नोंद करेन’ हे वाक्य परीक्षकाला समोर दिसतं.

कोणाला काय आधी लागतं, हे न बघणं

इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशन जास्तीत जास्त १,००,००० डॉलरपर्यंत मदत देतं, उमेदवार ३० वर्षांच्या आतला असावा लागतो, आणि प्रवेशाचं पत्र आधी हातात लागतं. चीव्हनिंगचा अर्ज मात्र प्रवेश मिळण्याआधीच करता येतो. क्रम उलटा धरला की वर्ष जातं. चीव्हनिंगची खिडकी साधारण ऑगस्टमध्ये उघडते, म्हणजे ऐन गणपतीच्या धामधुमीत. चाकरमानी घरी आलेले, आरत्या चालू, आणि निबंध तसेच राहतात. आषाढातच कच्चा मसुदा लिहून ठेवा.

जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२ पासून चालू आहे आणि आपल्याकडे तिचं नाव आदराने घेतलं जातं. पण ती कर्जरूपी शिष्यवृत्ती आहे, पैसे फेडावे लागतात. घरच्यांना हे पहिल्या दिवशी सांगा.

क्रमवारीचा घोळ

सरकारी योजनांवर विसंबणाऱ्यांनी हे नीट वाचावं. राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीसारख्या योजनांत क्यूएस या संस्थेच्या जागतिक विद्यापीठ-क्रमवारीची अट असते. लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ आर्ट कला आणि डिझाइनच्या विषयवार क्रमवारीत वर्षानुवर्षं पहिलं आहे, पण फक्त कला शिकवणारी संस्था असल्याने एकूण विद्यापीठांच्या क्रमवारीत ती सापडत नाही. म्हणजे जगातलं नावाजलेलं कॉलेज मिळूनही सरकारी अर्ज नामंजूर होऊ शकतो. त्या वर्षीची जाहिरात डाउनलोड करा, कोणती क्रमवारी धरली आहे ते वाचा, आणि मग कॉलेज निवडा. कला विभाग असलेलं मोठं विद्यापीठ अशा वेळी सोयीचं पडतं.

न्यूयॉर्कच्या आयसीपीचे (इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफी) एक वर्षाचे अभ्यासक्रम प्रमाणपत्राचे आहेत. पदवीची अट असलेल्या योजनेत ते बसत नाहीत. तिथे संस्थेच्या स्वतःच्या आर्थिक मदतीकडे बघावं लागतं.

फीमाफी न मागणं

शिष्यवृत्ती हुकली की मुलं सगळाच बेत सोडून देतात. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते; बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. व्हिसासाठी मात्र वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागतात, आणि फोटोग्राफीचे बरेच अभ्यासक्रम जर्मन भाषेत असतात. फ्रान्समध्ये आर्लला फोटोग्राफीचीच राष्ट्रीय संस्था आहे, तिथे फ्रेंच हवी. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात इंग्रजीतून फोटोग्राफी शिकता येते आणि गुणवत्तेवर फीसवलत मिळते. प्रवेश कार्यालयाला सरळ ईमेल करून विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

पोर्टफोलिओ: इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं

हर्णै बंदराचं उदाहरण घ्या. होड्या खोल पाण्यात थांबतात, मासळी बैलगाडीतून किनाऱ्याला येते, संध्याकाळी लिलाव होतो. बहुतेक पोर्टफोलिओत यातले तीनच फोटो दिसतात: पाण्यातली बैलगाडी, सूर्यास्तापुढची काळी होडी आणि एका म्हाताऱ्या कोळणीचा सुरकुतलेला चेहरा. पुढच्या पानावर गणपतीपुळं, त्यापुढे वाघाचं पिल्लू, त्यापुढे नवरी. फोटो सुरेख असतात, पण हा मुलगा कशाचा विचार करतो ते कळत नाही.

तोच लिलाव धरून राहा. बोली कोण लावतं, बर्फ कुठून येतो, वहीत हिशेब कोण टिपतं, भाव पडल्यावर टोपलीपाशी उभ्या बाईच्या हातांचं काय होतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ओढून घेतलेल्या, शाकारलेल्या होड्या आणि रिकामा किनारा टिपा. ऑगस्टमध्ये पुन्हा जा. यातून निवडलेले १५-२० फोटो, क्रम लावून आणि खाली जागा-वर्ष-प्रसंग लिहून दिलेत, तर ते ‘काम’ ठरतं. शिमग्याची पालखी, दशावतारातला रंगपट, चिरेखाणीतले मजूर, काहीही चालेल. विषय एकच असू द्या आणि त्यात तुमचा शिरकाव दिसू द्या. माणसांची परवानगीही घेत जा, विशेषतः लहान मुलांच्या फोटोंसाठी.

फोटो क्लबच्या सलोनमधली, म्हणजे छायाचित्र स्पर्धांमधली, पदकं आणि रिबिनी पानभर मांडू नका. आपल्याकडे त्यांना मान आहे आणि तो असावा, पण कला महाविद्यालयाची निवड समिती त्यावर निर्णय घेत नाही असं माझं ठाम मत आहे.

तांत्रिक चुका आणखी लागतात. व्हॉट्सअॅपवरून आलेले फोटो पोर्टलवर चढवले की ते दाबले गेलेले असतात. मूळ फाइलवरूनच निर्यात करा. रंग फिके दिसत असतील तर फाइल अॅडोबी आरजीबी या रंगपद्धतीत राहिली असेल, ती वेबवर चालणाऱ्या एसआरजीबीत काढा. आणि कोपऱ्यातला ‘अमुक फोटोग्राफी’चा शिक्का काढून टाका.

कागदपत्रं आणि घड्याळ

शिफारसपत्र मुख्याध्यापकांचं किंवा प्राचार्यांचं हवं असा आपल्याकडे समज आहे. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हे उत्तर मिळतं आणि पत्रात मुलगा ‘प्रामाणिक व आज्ञाधारक’ निघतो. तुमचं काम पाहिलेल्या संपादकाला, कलाशिक्षकाला विचारा, दीड महिना आधी.

गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव, पासपोर्टवर वेगळा क्रम. अर्जात पासपोर्टप्रमाणेच लिहा आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. मुंबई विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा) आयत्या वेळी मिळत नाही, आधीच मागवा. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षंच चालतो.

अर्जाची वेळ परदेशी घड्याळाने असते. दुपारी १२ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहिलं असेल तर आपल्याकडे संध्याकाळचे ५:३० वाजलेले असतात. पावसात लाइट आणि नेट दोन्ही जातं, म्हणून दोन दिवस आधीच अर्ज पाठवा. ब्रिटनच्या व्हिसासाठी स्वतःच्या पैशांतून भागवायची रक्कम खात्यात सलग २८ दिवस पडून असावी लागते. काकांकडून उसने घेऊन आदल्या आठवड्यात भरलेले पैसे तिथे चालत नाहीत.